बखर : साधन आणि वाङ्मय

जुना कागद हातीं येतांच संशोधक प्रथम विचारतो : हा अस्सल कीं नक्कल, समकालीन कीं मागाहूनचा? हा प्रश्न योग्यच आहे. परंतु याच एका कसोटीवर वाङ्मयही घांसून पाहण्याची संवय आम्हां संग्राहकांस जडली आहे आणि तिच्यामुळें एका स्वतंत्र प्रश्नाकडे दुर्लक्ष होतें, असें आम्हांस वाटतें. तो प्रश्न असा कीं, लोक वाङ्मय वाचतात तें कशासाठीं?

उदाहरणार्थ, भाऊसाहेबांची बखर घेऊं. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यांत १७५० ते १७६१ या काळांतील अस्सल पत्रें पुढें मांडून त्यांनीं प्रस्तावनेंत बखरींच्या प्रामाण्याची कठोर झडती घेतली. त्या निकालाविरुद्ध आमची तक्रार नाहीं. पत्र आणि बखर यांत विरोध आला, तर इतिहासकारानें पत्राचा पक्ष धरावा. मात्र प्रामाण्य गेलें म्हणून बखरीचें सर्वस्व गेलें, असें अनुमान त्यावरून निघत नाहीं.

पत्राचें कार्य बहुधा बातमी पोंचतांच संपतें. मग तें रुमालांत बांधलें जातें. बखरीच्या श्रोत्याची गोष्ट निराळी. १४ जानेवारी १७६१ च्या युद्धाचा शेवट त्याला आधींच ठाऊक असतो, तरी तो ऐकावयास बसतो. १० जानेवारी १७६० रोजीं बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, ही एका ओळीची बातमी आहे. परंतु त्यांचें अखेरचें म्हणून जें उत्तर महाराष्ट्रांत मुलाबाळांच्याही तोंडीं आहे, तें कोणी बातमी म्हणून सांगत नाहीं. ते शब्द तसेच उच्चारले गेले कीं नाहीं, हा इतिहासाचा प्रश्न. पराभवापुढें माणसानें कसें उभें राहावें, हें ऐकणारास त्यांतून उमगतें, हा वाङ्मयाचा विषय. शेवट ठाऊक असूनही जें पुन्हां वाचावेंसें वाटतें तें वाङ्मय, असें लक्षण आम्ही यावरून सुचवितों.

कोणी म्हणेल, पत्रेंही आपण पुन्हां वाचतोंच. खरें आहे. पानिपतचा संहार पेशव्यांस कळविणारी सावकारी चिठ्ठी ग्रँट डफनें १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत नमूद केली आहे. मोतीं, मोहोरा, रुपें आणि तांबें यांच्या हिशेबांत ती मनुष्यहानि सांगते. त्या भाषेचा हेतु गुप्तता हा असेल. परंतु गुप्ततेची गरज कधींच सरली, तरी चिठ्ठी लोक विसरले नाहींत. म्हणजे वाङ्मयत्व कागदाच्या जातीवर अवलंबून नाहीं; कागदाचें काम संपल्यावर त्यांत काय शिल्लक राहतें, यावर तें अवलंबून आहे.

हें मान्य केलें, तर संग्राहकाचें कर्तव्यही वाढतें. मागाहूनची, पाठभेदांनीं भरलेली नक्कल सहज बाजूस टाकली जाते. मूळ पाठ ठरविण्यास ती कदाचित् उपयोगी पडणार नाहीं. वाचनाच्या इतिहासाला मात्र ती प्रत्यक्ष पुरावा आहे. नकलकारानें कोणता प्रसंग वाढविला, कोणता गाळला, कोणत्या पानाच्या कडा हात लागून झिजल्या, समासांत कोणीं काय लिहिलें, हें सर्व सूचींत नोंदलें गेलें पाहिजे. जें पान अधिक मळलें, तेंच कदाचित् अधिक वाचलें गेलें असेल.

याच्या उलट चूकही होऊं नये. बखरींतील भाषणें मनास भिडतात म्हणून तीं घडलेलीं मानणें हा वाङ्मयाचाही गौरव नव्हे. १८७८ सालीं निघालेल्या मासिकास 'काव्येतिहाससंग्रह' असें नांव देणारांनीं काव्य आणि इतिहास शेजारीं बसविले होते. त्या दोहोंची फारकत करून आमच्या शास्त्रानें पुष्कळ मिळविलें. आतां दोघांचेही हिशेब वेगवेगळे, पण सारख्याच काळजीनें ठेवावे, एवढीच आमची विनंति आहे.