खुर्चीच्या पाठीवरचा नंबर

गेल्या दिवाळीत मी एक खुर्ची घेतली. सागवानी, बैठक आणि पाठ वेताने विणलेली, दोन्ही बाजूंना उलट्या 'व्ही'सारखे पाय. इन्स्टाग्रामवर लोकांची घरं बघत बसणाऱ्या प्रत्येकाने ती पाहिलेली असते. 'चंडीगड चेअर'. विक्रेता म्हणाला, ओरिजिनल आहे, सरकारी ऑफिसच्या लिलावातली. पुरावा म्हणून त्याने पाठीमागच्या पट्टीवरची पांढऱ्या रंगातली इंग्रजी अक्षरं आणि नंबर दाखवला. मी २८ हजार रुपये दिले. ओरिजिनल या किमतीत मिळत नाही हे मला माहीत होतं. पण मला विश्वास ठेवायचा होता.

आठवड्याभराने साताऱ्याहून आई-बाबा आले. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ते कौतुकाने खुर्चीत बसले, चहा प्यायले आणि उठायला गेले तर उठताच येईना. दोनदा प्रयत्न केला, मग हसून म्हणाले, "हात दे रे जरा." मी हात दिला. नंतर टेप लावून पाहिली तर बैठक जमिनीपासून ३६ सेंटिमीटर. जेवणाच्या टेबलाची खुर्ची साधारण ४५ असते. खुर्ची घेताना मी चौदा फोटो काढले होते, पण टेप एकदाही लावली नव्हती.

मग मी उशिराने का होईना, या खुर्चीबद्दल वाचायला लागलो.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि भारताच्या वाट्याला आलेल्या पंजाबला नवी राजधानी हवी होती. १९५० च्या दशकात चंडीगड उभं राहिलं. नाव झालं ल कॉर्बुझिएचं, पण तो येऊन-जाऊन असायचा. त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे मात्र १९५१ ते १९६५ तिथेच राहिला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थीही चंडीगडच्या सुखना तलावात सोडल्या गेल्या. नवीन शहराला सचिवालय, हायकोर्ट, विद्यापीठ, ग्रंथालयं या सगळ्यांसाठी हजारो खुर्च्या हव्या होत्या, त्याही स्वस्तात. जानरे आणि यूली चौधरींसारखे त्याचे भारतीय सहकारी यांनी डिझाइन्स केली. ती घडवली स्थानिक सुतारांनी, आपापल्या पद्धतीने, त्यामुळे एकाच डिझाइनच्या दोन खुर्च्यासुद्धा तंतोतंत सारख्या नसतात.

इंजिनिअर म्हणून सांगतो, डिझाइन खरंच हुशार आहे. चौकोनी सांगाडा बाजूने ढकलला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. इथे पाय आणि बैठकीची आडवी पट्टी मिळून त्रिकोण होतो आणि तोच सांगाडा हातालाही आधार देतो. सागवानाला वाळवी सहसा लागत नाही. वेतातून हवा खेळते, त्यामुळे पंजाबच्या उन्हाळ्यात पाठ भिजत नाही. वेत ढिला पडला की पुन्हा विणता येतो. आपल्याकडे कितीतरी अंधशाळांमध्ये खुर्च्या विणायला शिकवत, म्हणजे ही दुरुस्ती गावोगाव होऊ शकायची. रोज आठ तास कारकून बसणार, शिपाई ओढत नेणार, दहा वर्षांनी कोणीतरी ठोकून दुरुस्त करणार, हे सगळं धरून ती बनवलेली होती.

पुढे ऑफिसांत स्टीलचं आणि फोमचं फर्निचर आलं. जुन्या खुर्च्या गच्चीवर, जिन्याखाली ढीग करून टाकल्या गेल्या आणि भंगाराच्या भावाने लिलावात निघाल्या. परदेशी डीलर्सनी त्या उचलल्या, पॉलिश केल्या आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कमध्ये एकेक खुर्ची हजारो डॉलरला विकली. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा-वस्तूंच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदी घातली, पण तोवर बरंच काही बाहेर गेलेलं होतं.

एमी सीगल या अमेरिकन कलाकाराने २०१३ मध्ये यावर 'प्रॉव्हेनन्स' नावाची सुमारे ४० मिनिटांची फिल्म केली. तिच्यात निवेदन नाही. सुरुवात श्रीमंतांच्या घरांत होते, मग क्रम उलटा जातो: लिलाव, डागडुजी, जहाजाचे कंटेनर आणि शेवटी चंडीगडची ऑफिसं. पुढे सीगलने ही फिल्मच लंडनमध्ये लिलावात विकली आणि त्या विक्रीचीही फिल्म केली. या उलट्या क्रमामुळे एक गोष्ट कळते. खुर्ची शेवटपर्यंत तीच असते, बदलत जाते ती तिच्याकडे बघणारी माणसं.

आता पाठीवरच्या नंबराकडे येतो. तो मुळात स्टॉक रजिस्टरसाठी होता: कुठलं खातं, कितवी वस्तू. कारकुनाच्या दृष्टीने कंटाळवाणी नोंद. आज बाजारात खुर्चीच्या अस्सलपणाचा पुरावा म्हणून तोच नंबर दाखवतात. आणि नंबर रंगवायला काय लागतं? एक स्टेन्सिल आणि पांढऱ्या पेंटचा डबा.

माझ्या सोसायटीजवळच्या सुतारकाकांना खुर्ची दाखवली. त्यांनी ती उलटी केली, दोन मिनिटं पाहिली आणि म्हणाले, "लाकूड जुनं आहे, खुर्ची नवी." आतल्या बाजूला लाखेने बुजवलेली खिळ्यांची भोकं होती, खुर्चीच्या कुठल्याच जोडाशी न जुळणारी. "वाड्याचं सागवान हे. तुळई नाहीतर चौकट असणार." नंबराचा पेंट नव्या पॉलिशच्या वर होता. नखाने खरवडला तर निघाला.

म्हणजे कुठलातरी वाडा पडला, त्याचं सागवान जुन्या लाकडाच्या बाजारात आलं, त्याची कोणीतरी चांगली खुर्ची केली आणि चंडीगडचं खोटं नाव लावून मला विकली. फसवलं गेल्याचा राग आलाच. पण जास्त टोचलं ते वेगळंच. लाकडाला स्वतःचा खरा इतिहास होता आणि तो विकण्यालायक वाटला नाही. "पाडलेल्या वाड्याच्या सागवानाची नवी खुर्ची, अमुक सुताराने केलेली" असं सांगितलं असतं, तर मी २८ हजार दिले असते का? नसते. त्या खोट्या नंबराला माझ्यासारखं गिऱ्हाईक आहे म्हणून तो रंगवला जातो.

जुन्या खुर्चीचं आकर्षण खोटं आहे असं मी म्हणत नाही. तक्रार आहे ती 'व्हिंटेज'च्या नावाखाली चाललेल्या रसिकतेबद्दल. ती खुर्चीकडे चित्रासारखं बघते. बसण्याचं, उठण्याचं, दुरुस्तीचं तिच्यात नावही निघत नाही. ज्या वस्तूचा सगळा मोठेपणा साधी आणि सगळ्यांसाठी असण्यात होता, तिला ही रसिकता दुर्मीळ करून टाकते. आणि घडवणारा सुतार तेव्हाही निनावी होता, आजही निनावीच आहे.

तुम्ही जुनी खुर्ची घेणार असाल तर माझ्या चुकांवरून चार गोष्टी. वीस मिनिटं बसा, मोबाईल खिशात ठेवून. घरातल्या सगळ्यात थकलेल्या गुडघ्यांना तिच्यातून हात न टेकता उठता येईल का, याचा विचार करा. खुर्ची उलटी करून पाहा. जोड, भोकं, कीड, नवे स्क्रू, सगळं खाली दिसतं. वेत आणि जोड दुरुस्त करणारं कोणी जवळपास आहे का, ते आधी शोधा. आणि मनातल्या मनात नाव आणि नंबर काढून टाका. तरीही तेवढेच पैसे द्यावेसे वाटले तर द्या.

विक्रेत्याने खुर्ची परत घेतली नाही. सुतारकाकांनी तिच्या चारी पायांखाली ९ सेंटिमीटरचे सागवानी ठोकळे बसवून दिले. मूळ आकाराची वाट लागली आहे, फोटोत ती उंच टाचांचे बूट घातल्यासारखी दिसते. नंबर मी पॉलिश पेपरने घासून काढला. बाबा पुन्हा आले तेव्हा तासभर तिच्यात पेपर वाचत बसले. मग आईने जेवायला हाक मारली आणि ते उठून गेले.