घोलवडच्या वाडीतली इंपाला

टीकाकाराला घरी बोलावून एखादी वस्तू त्याच्यापुढे ठेवावी आणि ‘सांगा, बरी की वाईट?’ असे विचारावे, हा आपल्याकडचा जुना छंद आहे. कवितांच्या वह्या, नाटकांची हस्तलिखिते, जावयाने काढलेली निसर्गचित्रे, एवढेच काय पण श्रीखंडाची वाटीसुद्धा या कामासाठी माझ्यापुढे आलेली आहे. मात्र मोटार दाखवून तिच्यावर मत मागणारा गृहस्थ मला गेल्या दिवाळीपर्यंत भेटला नव्हता. तो भेटला घोलवडला, एका चिकूच्या वाडीत.

डहाणूपासून बोर्डीपर्यंतचा हा पट्टा चिकूचा. २०१६ साली इथल्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याच्या फार आधीपासून मुंबईचा चिकू म्हणजे घोलवडचा चिकू असे समीकरण होते. ज्या वाडीत मी उतरलो होतो तिचे मालक इराणी कुटुंबातले, वय ऐंशीच्या पुढे, मराठी अस्खलित. फराळ झाल्यावर ते मला वाडीच्या टोकाला असलेल्या पत्र्याच्या शेडकडे घेऊन गेले आणि ताडपत्री बाजूला करून म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, मुलाने मुंबईहून गिऱ्हाईक आणलंय. तो म्हणतो, गाडी होती तशी करणार, अगदी कंपनीतून निघाली तशी. मला कळत नाही, हो म्हणू की नको. तुम्ही पुस्तकांचं बरंवाईट सांगता, हिचं सांगा.”

ताडपत्रीखाली १९६० सालची शेव्हरोले इंपाला होती. साडेसतरा फूट लांब, पावणेसात फूट रुंद. शेडमध्ये ती उभी होती म्हणण्यापेक्षा पहुडली होती म्हणणे अधिक बरे.

इंपालाची कुळकथा थोडक्यात सांगतो. इंपाला हे आफ्रिकेतल्या एका हरणाचे नाव. अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीला १९५८ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली, त्या वर्षी शेव्हरोलेच्या बेल एअर मालिकेतली सर्वांत उंची गाडी म्हणून हे नाव प्रथम आले, तेही केवळ दोन दारांच्या गाड्यांवर. पुढच्याच वर्षी इंपालाची स्वतंत्र मालिका झाली आणि चार दारांच्या गाड्या तिच्यात आल्या. १९६५ साली एका वर्षात दहा लाखांहून अधिक इंपाला खपल्या. पुढे ती वाढत वाढत १९७१ साली सर्वांत अवाढव्य झाली, तेलटंचाईनंतर १९७७ साली आखूड झाली, १९८५ साली बंद पडली, मध्ये दोनतीन वर्षे परतली आणि २००० सालापासून तेच नाव एका अगदी निराळ्या गाडीवर नांदले. २७ फेब्रुवारी २०२० रोजी शेवटची इंपाला डेट्रॉइटच्या कारखान्यातून बाहेर पडली.

आपल्याकडे शेव्हरोले नवी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. पण स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवले की ज्यांना गाडी इथे घडवायची नाही, नुसती जोडायची आहे, त्यांनी जावे; आणि १९५४ साली तो कारखाना बंद झाला. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डी सोटो निघत. एकाच अंगाला तीन नावे लावलेली ती भावंडे मुंबईकरांनी टॅक्सी म्हणून पाहिली. इंपालाला मात्र या देशात घर मिळाले नाही. परकीय चलनाच्या टंचाईमुळे १९५७नंतर परदेशी मोटारींची आयात जवळजवळ थांबली. जी इंपाला आली ती वकिलातींसाठी, किंवा अशाच एखाद्या आडवाटेने. ही घोलवडची गाडीही एका वकिलातीची; शेठच्या वडिलांनी ती सरकारमार्फत विकत घेतली. चाक अजून डाव्या बाजूलाच आहे.

आता गुणदोष. बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीतल्या लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम मांडले. मर्ढेकर १९५६ साली गेले. इंपाला त्यांनी पाहिली नाही, आणि पाहिली असती तर यंत्रयुगावरच्या त्यांच्या रागात तिची धडगत लागली नसती. तरी त्यांचीच मोजपट्टी लावून पाहू.

संवाद इथे आहे. पुढच्या दिव्यांच्या जोडीपासून निघालेली रेषा दारांवरून सरळ धावत जाते आणि मागे आडवी फाकून पक्ष्याच्या पंखासारखी होते. पंखाखाली दोन्ही अंगांना तीन तीन गोल दिवे. डोळा या रेषेवरून न अडखळता घसरतो. विरोधही आहे, आणि तोच या गाडीचा खरा गुण: खाली लोखंडाचा एवढा मोठा ऐवज आणि वर काचांचा हलका मंडप, बारीक खांबांवर तोललेला. जड आणि हलके यांची अशी भेट घडवणारे हात कसबी होते यात शंका नाही.

गाडी फसते ती समतोलात. अंग एवढे रुंद आणि चाके मात्र आत दडलेली. जाड्या गृहस्थाने दोन्ही पाय जुळवून उभे राहावे तशी. हा दोष कंपनीला दिसत नव्हता असे नाही. १९५९ साली तिच्याच पाँटिअॅक गाडीत चाके बाहेर सरकवली आणि त्याचीच जाहिरात केली. शेव्हरोलेच्या वाट्याला ती दुरुस्ती आली नाही. मागच्या दारापुढे विमानासारखी एक चकचकीत आकृती आणि तिच्यामागून निघालेल्या दोन रेषा आहेत. त्यांचे काम काय? काही नाही. उभ्या गाडीने धावल्यासारखे दिसावे एवढेच. आपल्या जुन्या नाटकांत राजा प्रवेश करताच चोपदार ललकारी देत असे, त्यातलाच प्रकार.

दागिना निरुपयोगी असतो म्हणून तो वाईट, असे मी म्हणणार नाही. दिवाळीत दारापुढे रांगोळी काढणाऱ्या घरातला माणूस असे म्हणूच शकत नाही. माझी तक्रार निराळी आहे. हा दागिना शिळा व्हावा म्हणूनच घडवलेला होता. जनरल मोटर्सने १९२७ साली हार्ली अर्ल यांच्या हाताखाली गाड्यांच्या रूपाचा एक वेगळा विभाग उघडला. दरवर्षी गाडीचे रूप पालटायचे, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी धडधाकट असूनही जुनी वाटू लागते आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येते, हा त्यामागचा हिशेब. १९५६ साली कंपनीतल्या चक जॉर्डन या तरुण चित्रकाराने क्रायस्लरच्या कुंपणातून डोकावून पुढच्या वर्षीच्या सडपातळ, उंच शेपटाच्या गाड्या पाहिल्या, आणि आपल्या कंपनीत योजलेली रूपे मोडीत निघाली. त्या धांदलीतून १९५९ची इंपाला जन्मली, तिचे पंख सर्वांत मोठे. १९६० साली ते जरा मिटले, १९६१ साली नाहीसे झाले. ज्या पंखांचे एवढे कौतुक, ते तीन वर्षेही टिकले नाहीत.

आणि त्या देखण्या अंगाच्या आत काय होते? २००९ साली अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने १९५९ची बेल एअर, म्हणजे इंपालाचेच अंग असलेली बहीण, आणि २००९ची शेव्हरोले यांची समोरासमोर टक्कर घडवली. जुन्या गाडीची केबिन चेमटली. चाकामागे खरा माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीतल्याच्या पायाला दुखापत झाली असती, एवढेच. ‘जुनं ते लोखंड’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. इतका खर्च पंखांवर करणाऱ्यांनी माणसाच्या छातीचा विचार कमी केला, हा दोष कोणत्याही लयतत्त्वाने झाकला जाणार नाही.

इथवर निकाल अमेरिकेविरुद्ध गेला असे वाटून कुणी खूश होण्याचे कारण नाही. आपण दुसऱ्या टोकाला होतो. इंपाला आली त्याच सुमारास आपल्याकडे अँबॅसडर आली, आणि २०१४ साली बंद पडेपर्यंत तिचे अंग जवळजवळ तेच राहिले. १९६४चा फियाट डिलाइटचा घाट पुढे पद्मिनी या नावाने शतक संपेपर्यंत चालला. तिकडे कारण नसताना बदल, इकडे कारण असूनही बदल नाही. तिकडे गिऱ्हाइकाला फसवले, इकडे गिऱ्हाइकाला दुसरी वाटच ठेवली नाही.

हे सारे मी शेठना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “पण तुम्ही अजून डिकी नाही बघितली.”

डिकी उघडली. आत लाकडी फळ्यांचा तळ होता, चिकूच्या पाट्या ठेवण्यासाठी केलेला. बानेट उघडले. तिथे सहा सिलिंडरचे मूळ पेट्रोल इंजिन नव्हतेच. १९७३नंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा डहाणूच्या एका मेस्त्रीने ते उतरवून ट्रॅक्टरच्या जातीचे डिझेल इंजिन बसवले होते. मागच्या सहा दिव्यांपैकी एकाची काच बाटलीच्या बुडापासून घासून केलेली. गाडी गुरगुरत चाले, पण चाले. हिच्यातून चिकू डहाणू रोड स्टेशनला गेले, अडलेल्या बाळंतिणी दवाखान्यात गेल्या, आणि पाड्यांवरच्या नवरदेवांच्या वराती निघाल्या.

तीस वर्षे ही गाडी हाकणारे काका वारली समाजातले, तलासरीच्या बाजूच्या एका पाड्यावर राहतात. शेठ म्हणाले, त्यांनाही विचारू. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या गाडीने घोलवडहून तलासरीकडे निघालो. पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो. त्यावरून गाड्यांचे लोंढे जात होते. त्यांतली एकही मला नावानिशी ओळखता आली नाही. महामार्ग सोडून आत वळलो की भाताची कापलेली शेते.

काकांच्या घरी भिंतीवर वैशाखात नातवाच्या लग्नात काढलेला चौक होता. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघाट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते आणि मग लग्न लागते. सहा महिन्यांच्या धुराने आणि पावसाने तो आता पुसट झाला होता. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रकला भिंतीवरून कागदावर, कापडावर आणि जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण घरचा चौक अजून भिंतीवरच असतो.

मी विचारले, “पुढच्या लग्नाला हाच पुन्हा उजळायचा का?”

काकांच्या घरच्या आजी म्हणाल्या, “नाय. भिंत सारवायची, नवा काढायचा.”

“निराळा?”

“निराळा कशाला? चौक तो चौकच. हात निराळा.”

मला माझ्या प्रश्नाची दुसरी बाजू तिथे दिसली. चौक दर लग्नाला नवा असतो आणि तरी गेल्या लग्नाच्या चौकाला तो जुनाट ठरवत नाही. डेट्रॉइटला नेमके हेच साधले नव्हते. आणि आपल्या कारखान्यांनाही साधले नव्हते. त्यांनी भिंत सारवलीच नाही.

मग घोलवडच्या इंपालाचे काय? ती कारखान्यातून निघाली तेव्हा एका वर्षाचे आयुष्य देऊन पाठवलेली होती. पुढच्या वर्षीची बहीण या देशात येऊ शकली नाही, म्हणून तिला इथे म्हातारे होण्याची संधी मिळाली. डहाणूच्या मेस्त्रीने, काकांनी, चिकूच्या पाट्यांनी तिला जे केले ते तिच्या कर्त्यांच्या मनात कधी आले नव्हते. ग्रंथाच्या बाबतीत आपण मूळ पाठ शोधतो, मागाहून घुसलेल्या ओळी काढून टाकतो, आणि ते योग्यच असते. पण ज्ञानेश्वरीच्या पोथीच्या समासात कुणा पणजोबांनी घरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या असतील, तर ती पोथी स्वच्छ करायला कोण देईल? छापील प्रती बाजारात पुष्कळ आहेत. कंपनीतून निघाल्यासारखी इंपाला मुंबईच्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे मिळेल. अमेरिकेत त्या हजारोंनी जपलेल्या आहेत. डिझेलची, फळ्यांची, बाटलीच्या काचेची इंपाला ही एवढी एकच.

काकांना विचारले तेव्हा त्यांनी पुस्तकी काही सांगितले नाही. ते म्हणाले, “शेठ, इंजिन काढलं तर ती गाडी मला वळखंल का?”

परत येताना शेठ बराच वेळ गप्प होते. वाडीच्या फाटकाशी आल्यावर त्यांनी विचारले, “मग, प्रोफेसरसाहेब? एका शब्दात.”

एका शब्दात टीका करण्याचा माझा रिवाज नाही, पण दिवाळीचे दिवस होते. मी म्हणालो, “पत्रा गंजतोय तो थांबवा, ब्रेक नीट करून घ्या, आणि बाकी काही पुसू नका. हिच्यात मुलांना लांब पाठवू नका, आणि हिला विकूही नका.”

त्या संध्याकाळी त्यांच्या नातीने शेडमध्ये इंपालाच्या पंखांवर पणत्या लावल्या, एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सात. पंख चांगले रुंद आणि जवळजवळ सपाट आहेत. पणती ठेवायला सोयीचे. हार्ली अर्ल यांच्या विभागाने शोधलेल्या त्या अलंकाराला निदान घोलवडला तरी काही उपयोग सापडला, हे नमूद करून मी हा निकाल संपवतो.