खरखरीत मुरलेला तानपुरा

आकाशवाणीची संकेतधून तुम्ही फक्त यूट्यूबवर ऐकली असेल, तर ती निम्मीच ऐकली आहे, असं माझं मत आहे. तिथे तिच्यातली खरखर पुसून टाकलेली असते.

शॉर्टवेव्हवरची केंद्रं कार्यक्रमाआधी एक छोटी धून पुन्हा पुन्हा वाजवायची. तिला इंटरव्हल सिग्नल म्हणतात. दूर कुठेतरी काटा फिरवणाऱ्याला कळावं की केंद्र लागलं, एवढंच तिचं काम. म्हणून तिच्याबद्दल पहिला प्रश्न ‘गोड आहे का?’ हा नसून ‘खरखरीत टिकते का?’ हा आहे.

महाबळेश्वरला मी ही खरखर पुष्कळ ऐकली आहे. गाव तेराशे मीटरहून उंच, पण शॉर्टवेव्हला त्या उंचीचं फारसं कौतुक नाही. या लहरी शेकडो किलोमीटर वरच्या आयनांबरावरून परतून येतात. इथे कामाला येते ती शांतता. मे महिन्यात हॉटेलांचे एलईडी दिवे, चार्जर आणि वळवाच्या विजा मिळून बँड भरून टाकतात. जानेवारीत, गर्दी ओसरल्यावर, रात्री दूरची केंद्रं बरी लागतात.

जर्मनीच्या डॉइचे वेलेने बेथोव्हनच्या ‘फिडेलिओ’ ऑपेरातली सुरावट सेलेस्टावर वाजवली : घंटीसारखे सुटे स्वर. रेडिओ ऑस्ट्रेलियाने कूकाबरा पक्ष्याचं हसणं ऐकवलं. दोघांची युक्ती एकच, खरखर कापून पुढे यायचं.

आकाशवाणीची धून असं कापत नाही. तिच्या तळाशी तानपुरा आहे. तानपुराही अखंड, खरखरही अखंड. लांबून दोन्ही एकमेकांत मुरतात आणि त्यातून व्हायोलिन हळूच वर येतं. खरखर तिथे अडथळा न राहता साथीला बसते. स्वच्छ रेकॉर्डिंगमध्ये नेमकी हीच गंमत हरवते. मर्यादाही आहे : धून संथ आहे, घाईने काटा फिरवणारा सहज पुढे निघून जाईल.

तिचं श्रेय सहसा वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. हा ज्यू संगीतकार १९३४ साली युरोप सोडून मुंबईत आला आणि १९४६पर्यंत, म्हणजे एक तप, इथे राहिला. पुढे अमेरिकेत त्याने उत्तर हिंदुस्थानी रागांवर ग्रंथ लिहिला. तानपुरा त्याने नुसता शोभेला घेतला नसावा, असं मला त्यामुळे वाटतं.

रेडिओ ऑस्ट्रेलियाची शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०१७ला थांबली, बीबीसी हिंदीची ३१ जानेवारी २०२०ला. हळहळण्यापेक्षा मला एक फरक नोंदवावासा वाटतो. फोनचं नोटिफिकेशन आपल्याला शोधत येतं. या धुनेला आपण शोधत जायचं असतं. ती आपल्या जागी वाजत राहते. घरात जुना सेट असेल तर रात्री लावून पाहा, आणि दोन केंद्रांमधली खरखर लगेच ओलांडू नका.