अनित्य दोष आणि उत्तरकृतीची प्रतीक्षा : ‘फार क्राय २’च्या निमित्ताने

एखाद्या कृतीच्या पुढील भागाची वाट पाहणारा रसिक हा एका अर्थाने समीक्षकच असतो. पूर्वकृतीतील काय राहावे आणि काय जावे याचा निवाडा त्याने मनाशी करून ठेवलेला असतो, आणि त्याची अपेक्षा म्हणजे या निवाड्याचेच भविष्यकाळात मांडलेले रूप होय. पूर्वकृती सर्वमान्य असेल तर ही अपेक्षा साधी असते: जे होते तेच पुन्हा मिळावे. परंतु पूर्वकृतीविषयी रसिकांत दोन तट पडले असतील, तर एकाच प्रतीक्षेच्या पोटात दोन परस्परविरोधी मागण्या नांदत असतात. अशा प्रतीक्षेचे स्वरूप काय, तिच्यातून व्यक्त होणारा दोषविचार कितपत ग्राह्य मानावा, आणि तो निमूटपणे मान्य केल्यास काय हाती लागते, या प्रश्नांचा विचार येथे एका व्हिडिओ गेमच्या आधारे करावयाचा आहे. हा विषय आपल्या अभ्यासकक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि नियम, कथा आणि आस्वादक यांच्या संबंधातून घडणारी कोणतीही रचना साहित्यविचाराला परकी नाही.

‘फार क्राय २’ हा खेळ युबिसॉफ्ट या कंपनीच्या मॉन्ट्रिऑल येथील स्टुडिओने २००८ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध केला. क्लिंट हॉकिंग हे त्याचे सर्जनशील दिग्दर्शक. मुक्तविश्वात, म्हणजे खेळाडूने आपल्या इच्छेने कोठेही हिंडावे अशा विस्तीर्ण भूप्रदेशात, घडणारा हा नेमबाजीचा खेळ आहे. आफ्रिकेतील एका अनाम देशात यादवी युद्ध पेटलेले आहे. दोन सशस्त्र गट परस्परांशी झुंजत आहेत. आणि या दोन्ही गटांना शस्त्रे पुरवणाऱ्या ‘जॅकल’ नामक व्यापाऱ्याचा वध करण्यासाठी खेळाडू भाडोत्री सैनिक म्हणून तेथे उतरतो. नावापुरता हा २००४ च्या ‘फार क्राय’चा पुढील भाग, पण त्या खेळातील नायक, बेट, उत्परिवर्तित प्राणी यांपैकी काहीही येथे नाही. म्हणजे जी कृती पुढे उत्तरकृतीच्या अपेक्षेचा विषय झाली, ती स्वतःच आधीच्या अपेक्षेचा भंग करून जन्मली होती. ज्या संगणकीय यंत्रणेवर हे विश्व उभारले गेले तिचे नाव ‘दुनिया’. अरबीतून आलेला आणि मराठीतही रुळलेला हा शब्द या कृतीला विलक्षण शोभतो, कारण तिचा सारा आग्रह कथेपेक्षा जगावर आहे.

हे जग खेळाडूला अनुकूल नाही. आरंभीच नायकाला हिवताप जडतो आणि औषधाच्या गोळ्या मिळवण्यासाठी त्याला पुनःपुन्हा गुप्तपणे कामे करावी लागतात. शत्रूच्या हातून पडलेली बंदूक उचलावी, तर ती गंजलेली निघते आणि ऐन चकमकीत अडकून बसते. वाळल्या गवताला लावलेली आग वारा फिरताच लावणाऱ्याकडे वळते. नकाशा पडद्याच्या कोपऱ्यात आयता दिसत नाही. तो हातात धरून गाडी हाकावी लागते. वाटेवरच्या नाक्यावरील पहारेकरी मारून पुढे जावे, तर थोड्या वेळाने परतताना त्याच नाक्यावर नवे पहारेकरी उभे असतात. प्रसिद्धीनंतर या बाबींवरूनच रसिकांत फूट पडली. एका पक्षाला हा खेळ कंटाळवाणा आणि जाचक वाटला. दुसऱ्या पक्षाला याच जाचात त्याचे मोठेपण दिसले. अमेरिकन लेखक टॉम बिसेल यांनी व्हिडिओ गेमवरील आपल्या २०१० च्या पुस्तकात या खेळाला स्वतंत्र प्रकरण दिले, यावरून दुसऱ्या पक्षाची आस्था किती गंभीर होती हे लक्षात यावे.

२०११ च्या जूनमध्ये तिसऱ्या भागाची घोषणा झाली आणि प्रतीक्षेला निश्चित विषय मिळाला. पहिल्या पक्षाची मागणी उघड होती: हिवताप जावा, बंदुका अडकू नयेत, नाके एकदा जिंकले की जिंकलेले राहावेत. दुसऱ्या पक्षाची मागणी मात्र सांगावयास कठीण होती. ‘बंदूक अडकावी’ अशी मागणी कोण करील? रसिकाला जे पूर्वकृतीत भावले ते पुष्कळदा मागण्याच्या रूपात मांडताच येत नाही. गैरसोय ही तक्रारीची भाषा सहज स्वीकारते. गैरसोयीतून लाभलेला अनुभव मात्र त्या भाषेत उतरत नाही. म्हणून अपेक्षांच्या बाजारात तक्रारीचे पारडे नेहमीच जड ठरते. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची कल्पना मांडली, तेव्हा हे क्षितिज आणि कृती यांतील अंतर हे कलामूल्याचे एक गमक मानले होते. परंतु जेथे निर्माताच रसिकांच्या अपेक्षा विचारून पुढील कृती घडवतो, तेथे हे अंतर आधीच बुजवले जाण्याचा धोका असतो, याची नोंद येथे केली पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वर सांगितलेल्या गैरसोयी हे दोष होते काय? भारतीय साहित्यशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर देण्याचे एक साधन आपल्या हाती दिले आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त श्रुतिदुष्टत्वादी दोष अनित्य मानले. कर्णकटू वर्णरचना शृंगारात दोष होय. रौद्रात तीच रचना दोष न राहता रसाला पोषक ठरते. उलट व्याकरणभ्रष्टतेसारखे दोष सामान्यतः नित्य समजले जातात. दोष स्वभावतः दोष नसून रसाच्या अपेक्षेने दोष ठरतो, हा या विवेचनाचा गाभा आहे. त्यामुळे कोणत्याही दोषाविषयी बोलण्यापूर्वी कृतीचा प्रधान रस कोणता हे ठरवणे प्राप्त होते.

‘फार क्राय २’चा प्रधान रस वीर नाही, तो भयानक आणि बीभत्स यांच्या सीमेवरचा आहे. येथे कोणाचाही विजय होत नाही. नायक दोन्ही गटांची कामे करीत राहतो आणि प्रत्येक कामाने युद्ध अधिक चिघळते. ज्या साथीदाराने आपल्याला मृत्यूच्या दारातून ओढून काढले, तोच कधी आपल्यासमोर जखमी होऊन पडतो आणि मॉर्फिनच्या जादा मात्रेने त्याचा अंत करण्याची वेळ येते. शेवटी नायकापुढे दोन पर्याय उरतात. निर्वासितांची सुटका दोहोंतून साधते, पण दोहोंचाही शेवट त्याच्या मृत्यूतच होतो. अशा कृतीत अडकणारी बंदूक म्हणजे रौद्रातील कठोर वर्ण होय. ज्याच्या बळावर आपण या भूमीत आलो ते शस्त्रच गंजलेले आहे, देह तापाने पोखरलेला आहे, आणि आपण लावलेली आग आपले ऐकत नाही, हे सारे कथेतील पात्रांनी सांगण्याऐवजी नियम सांगतात. हॉकिंग यांनीच २००७ मध्ये ‘बायोशॉक’ या खेळावर लिहिताना नियम आणि कथा यांतील विसंवादाला नाव देऊन त्याची चर्चा केली होती. त्यांच्या स्वतःच्या कृतीत हा विसंवाद बराच मिटलेला आहे. लेखकाचा हेतू हा मात्र येथे पुरावा नव्हे; पुरावा आहे तो नियमांचा.

तरीही सर्व तक्रारी निराधार होत्या असे म्हणणे समीक्षेला शोभणार नाही. पुनःपुन्हा भरणाऱ्या नाक्यांचा विचार करू. युद्ध संपत नाही, मेलेल्या शिपायाची जागा दुसरा घेतो, हा अर्थ पहिल्या-दुसऱ्या वेळी जाणवतो. विसाव्या वेळी तो अर्थ उरत नाही. उरते ती केवळ तीच चकमक. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात लयीची संवाद, विरोध आणि समतोल ही तीन तत्त्वे सांगितली. नाक्यांच्या पुनरावृत्तीत संवाद आहे, पण विरोध नाही. म्हणून समतोलही साधत नाही. तेव्हा हा दोष कल्पनेचा नसून योजनेचा आहे, आणि येथे पहिल्या पक्षाचे म्हणणे मान्य केले पाहिजे. परंतु त्यावरून नाके कायमचे जिंकता यावेत असा निष्कर्ष निघत नाही. पुनरावृत्तीत भेद आणावा, एवढाच तो निघतो.

२०१२ च्या अखेरीस ‘फार क्राय ३’ प्रसिद्ध झाला. हॉकिंग यांनी २०१० मध्येच कंपनी सोडली होती. नव्या खेळात हिवताप नाही, बंदुका अडकत नाहीत, जिंकलेली ठाणी जिंकलेलीच राहतात आणि तेथून नकाशावर क्षणात प्रवास करता येतो. मनोऱ्यांवर चढले की भोवतालचा मुलूख नकाशावर उलगडतो. तक्रारीची यादी जवळजवळ संपूर्ण पुरवली गेली. खेळाला मोठे यश मिळाले आणि ‘फार क्राय ४’ने (२०१४) हाच साचा पुढे चालवला. प्रत्येक बदल सुटा पाहिला तर समंजस होता. पण सर्व बदलांची बेरीज होताच रस पालटला. भयानकाच्या जागी वीर आला. जग आता नायकावर उलटत नाही, त्याच्या ताब्यात येत जाते. ही कृती हीन आहे असा याचा अर्थ नव्हे. ती वेगळी आहे. मात्र दोष काढून टाकता गुण तेवढे शिल्लक राहतील, ही जी समजूत प्रतीक्षेच्या मुळाशी होती, ती येथे खोटी ठरली.

याहून महत्त्वाचा एक मुद्दा उरतो. ‘फार क्राय २’मध्ये एक दोष असा होता की, जो कोणत्याही रसाच्या अपेक्षेने गुण ठरू शकत नाही. ज्या देशात हे युद्ध चालले आहे, त्या देशातील सामान्य माणसे खेळात जवळजवळ दिसतच नाहीत. काही घरांत दडलेले निर्वासित सोडले, तर सारा प्रदेश शस्त्रधारी पुरुषांचा आहे. कथेवर जोसेफ कॉनरॅड यांच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ची छाया स्पष्ट आहे, आणि चिनुआ अचेबे यांनी १९७५ च्या व्याख्यानात कॉनरॅडवर घेतलेला आक्षेप, म्हणजे आफ्रिकेला केवळ युरोपीय मनाच्या विघटनाची पार्श्वभूमी बनवल्याचा आक्षेप, या खेळालाही लागू पडतो. देशाला नाव नसणे हा त्याचाच पुरावा मानावा लागेल. ज्या तक्रारी सर्वाधिक घुमल्या, त्यांत मात्र हा आक्षेप अग्रभागी नव्हता, कारण त्याने खेळाडूची गैरसोय होत नव्हती.

परिणाम असा की, तिसऱ्या भागात हा दोष गेला तर नाहीच, उलट वाढला. जेसन ब्रोडी हा सुखवस्तू अमेरिकन तरुण बेटावर येऊन तेथील रहिवाशांचा श्रेष्ठ योद्धा बनतो. हे नायकपण उपरोधाने रंगवले आहे, असे खेळाचे लेखक जेफ्री योहालेम यांनी नंतर सांगितले. पण उपरोध कथेत आहे. नियम तर प्रत्येक ठाण्यासाठी आणि प्रत्येक शिकारीसाठी नायकाला बक्षीसच देतात. ज्या विसंवादाची चर्चा २००७ मध्ये झाली होती, तोच येथे पुन्हा उभा राहतो. प्रतीक्षेने अनित्य दोष घालवले आणि नित्य दोष राखला.

यावरून अभ्यासकाने घ्यावयाचा बोध मर्यादित, पण निश्चित आहे. रसिकांची अपेक्षा ही स्वागतेतिहासाची मौल्यवान सामग्री होय; ती तुच्छ लेखू नये. तिच्यातून कृती कोठे टोचते हे अचूक कळते. पण टोचणे हा दोष की गुण, याचा निर्णय तिच्यावर सोपवता येत नाही, आणि जे टोचलेच नाही त्याविषयी तर ती मूकच असते. रस ठरवून दोषाची परीक्षा करणे आणि कोणीही न केलेली तक्रार नोंदवणे ही दोन्ही कामे समीक्षेची आहेत. ती तिने सोडली, तर पुढील प्रत्येक कृती अधिक सुखकर होत जाईल आणि आपल्या अंगच्या अंधत्वाची तिला कधीच जाणीव होणार नाही.