संशोधनग्रंथ आणि त्यामागील द्रव्यबळ

संशोधनग्रंथाचे परीक्षण करताना परीक्षक साधनांची विश्वसनीयता, पद्धतीची काटेकोरता आणि निष्कर्षांची सयुक्तिकता ह्या तीन गोष्टी पाहतो. ग्रंथ कोणाच्या पैशावर आणि कोणत्या अटींवर उभा राहिला, हा प्रश्न तो सहसा विचारीत नाही. तो प्रश्न हिशेबनिसाचा, विद्वानाचा नव्हे, अशी समजूत रूढ आहे. परिणामी प्रस्तावनेच्या अखेरीस येणारा आभाराचा परिच्छेद वाचकही शिष्टाचार म्हणून ओलांडून जातो. परंतु मराठी भूमीवर झालेल्या मोठ्या संशोधनकार्यांकडे पाहिले असता, ज्या रीतीने द्रव्य मिळाले त्या रीतीचा ठसा ग्रंथाच्या रचनेवर, गतीवर आणि गुणदोषांवर उमटलेला आढळतो. हा ठसा वाचणे हे समीक्षेचेच काम होय. विद्यापीठीय विभागांतून अनुदानाचे अर्ज लिहिणे हे आता अध्यापकाच्या नित्यकर्मात मोडत असल्यामुळे ह्या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्वही आले आहे.

प्रथम वि. का. राजवाडे ह्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या ग्रंथमालेचा विचार करावा. तिचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे एकूण २२ खंड प्रसिद्ध झाले. राजवाड्यांपाशी ना सरकारी अनुदान होते, ना विद्यापीठाची वृत्ती. स्नेह्यांचे साह्य, मासिकांचा आश्रय आणि स्वतःच्या गरजा कमीत कमी ठेवण्याची विलक्षण शक्ती, एवढेच त्यांचे भांडवल होते. ह्या स्थितीचे प्रतिबिंब खंडांच्या क्रमात स्वच्छ दिसते. पहिल्या खंडात १७५० ते १७६१ ह्या काळातील, म्हणजे पानिपतच्या आगेमागेची पत्रे आहेत. उलट शिवकालाशी संबंधित असे पुष्कळ साहित्य पंधराव्या खंडापासून पुढे येते. कालक्रम येथे गौण आहे. दप्तर जसे हाती लागले आणि छपाईची सोय जशी झाली, तसतसा खंड निघाला. आधी योजना आखून मग साहित्य जमविण्याची चैन ह्या संशोधकाला परवडण्याजोगी नव्हती.

परंतु ह्याच निर्धनतेची दुसरी बाजूही आहे. राजवाड्यांच्या प्रस्तावना, विशेषतः सहाव्या खंडाची, इतिहासलेखनाच्या तत्त्वांची जी मुक्त आणि काहीशी उद्दाम चर्चा करतात, ती कोणत्याही दात्याच्या अपेक्षेने मर्यादित झालेली नाही. पत्रसंग्रहाच्या प्रस्तावनेत इतका ऐसपैस सिद्धान्तविचार का, असे विचारणारा मंजुरी-अधिकारी त्यांच्या मागे नव्हता. त्यांचे स्वातंत्र्य आणि त्यांची अव्यवस्था ही दोन्ही एकाच स्थितीची अपत्ये होत. राजवाड्यांच्या त्यागाचे गुणगान करून अनुदानाची आवश्यकताच नाकारणारा एक विचारप्रवाह अधूनमधून डोके वर काढतो. त्याने खंडांचा हा क्रम एकदा पाहावा. ते खंड वापरणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला संपादकाच्या दारिद्र्याचा थोडासा कर आजही भरावा लागतो.

ह्याच्या अगदी उलट टोकाला ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ ही मुंबई सरकारची माला उभी आहे. गो. स. सरदेसाई ह्यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ ह्या अवधीत तिचे ४५ खंड निघाले. हा वेग राजवाड्यांना स्वप्नातही शक्य नव्हता. जे दप्तर खाजगी संशोधकांना दीर्घकाळ जवळजवळ बंद होते ते सरकारने उघडले, मनुष्यबळ दिले आणि छपाई सरकारी मुद्रणालयात केली. विषयवार विभागणीमुळे हे खंड वापरण्यास सोपे आहेत, ह्यात शंका नाही. पण येथेही द्रव्यदात्याची मुद्रा उमटल्यावाचून राहिली नाही. मूळ कागद मराठी, संपादक मराठी, बहुसंख्य वाचकही मराठी. तरी प्रत्येक कागदावरील सारांश मात्र इंग्रजी. सरकारी प्रकाशनाची भाषा तीच होती. शिवाय ‘निवडलेले’ ह्या शब्दात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. मुदत आणि मंजुरी ठरलेली असली की निवड अपरिहार्य होते. आणि निवडीचे निकष जितके संपादकाच्या इतिहासदृष्टीचे, तितकेच त्या मुदतीचेही असतात. राजकारणाचे कागद पुढे आले. ज्या कागदांतून महसूल, जमीन आणि गावगाडा ह्यांचा अभ्यास व्हावयाचा, ते त्या मानाने मागे राहिले. त्यांच्याकडे पुढच्या पिढ्यांना नव्याने वळावे लागले.

तिसरे उदाहरण डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे. केतकरांनी राजाश्रयाकडेही पाहिले नाही आणि भिक्षेची झोळीही घेतली नाही. त्यांनी मर्यादित जबाबदारीची मंडळी स्थापन केली, भाग विकले, वर्गणीदार मिळविले आणि २३ विभागांचा कोश तडीस नेला. ‘माझे बारा वर्षांचे काम’ ह्या पुस्तकात त्यांनी ह्या खटाटोपाचा इतिहास स्वतःच लिहून ठेवला आहे. मराठीत संशोधनाच्या अर्थकारणावर इतक्या मोकळेपणाने लिहिलेले दुसरे पुस्तक मिळणे कठीण. पैसा हा ज्ञानव्यवहाराचा कलंक नसून त्याचे एक अंग आहे, हे त्या पुस्तकाच्या मुळाशी असलेले गृहीत आजही पचनी पडलेले नाही.

कोशाच्या रचनेवर ह्या भांडवलाचा परिणाम दोन ठिकाणी दिसतो. अकारविल्हे येणाऱ्या विभागांच्या आधी केतकरांनी पाच प्रस्तावनाखंड घातले: ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’. कोशाच्या रूढ कल्पनेत हे बसत नाही. एखाद्या परीक्षक-समितीपुढे ही योजना गेली असती तर हे पाच खंड पहिल्याच बैठकीत कापले गेले असते, असा तर्क करण्यास हरकत नाही. संपादक आणि चालक एकच असल्यामुळे ते टिकले. दुसरा परिणाम असा की वर्गणीदाराला वेळेवर खंड पोचविणे भाग असल्यामुळे काम पूर्ण झाले. मराठीतील पुष्कळ मोठ्या संकल्पांना हे भाग्य लाभलेले नाही. मात्र कोश संपला तेव्हा त्याची सुधारलेली आवृत्ती काढीत राहील अशी स्थायी व्यवस्था उरली नाही, आणि केतकरांची अखेरची वर्षे आर्थिक विवंचनेत गेली. तरीही ह्या उद्योगाने एक ठेव मागे ठेवली. ज्ञानकोशाच्या कामात तयार झालेले य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे ह्यांनी पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला. कामातून घडलेली माणसे ही जमाखर्चाच्या कोणत्याही रकान्यात न दिसणारी, पण सर्वांत टिकाऊ अशी मिळकत होय.

चौथे आणि सर्वांत बोधप्रद उदाहरण भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे आहे. संस्थेची स्थापना १९१७ मधली. आवृत्तीचा आरंभ १ एप्रिल १९१९ रोजी झाला आणि ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी ह्या कार्यासाठी वार्षिक हप्त्यांनी एक लाख रुपये देण्याचे वचन दिले होते. स्वतः चित्रकार असलेल्या ह्या दात्याच्या मनात सचित्र महाभारताची कल्पना होती. काम पुढे गेले तसे चित्रांचे अंग गौण झाले आणि पाठचिकित्सा मुख्य झाली. पण म्हणून औंधचा आश्रय काढून घेतला गेला नाही. पुढे मुंबई सरकार, इतर संस्थाने, टाटांचे दान आणि स्वातंत्र्योत्तर काळात भारत सरकार, अशा अनेक ओघांनी हे काम पोसले गेले. हैदराबादच्या निजामाच्या देणगीतून संस्थेचे अतिथिगृह उभे राहिले.

ह्या इतिहासातील एक प्रसंग अनुदानाचा विचार करणाऱ्याने मुद्दाम लक्षात घ्यावा. ना. बा. उटगीकर ह्यांनी संपादिलेली विराटपर्वाची आवृत्ती १९२३ मध्ये निघाली, ती ‘तात्पुरती’ म्हणूनच. ती विद्वानांपुढे मतासाठी ठेवण्यात आली. १९२५ मध्ये वि. सी. सुकथनकर प्रधान संपादक झाले आणि पद्धतीची फेरमांडणी होऊन आदिपर्वापासून कामास प्रारंभ झाला. ते पर्व १९३३ मध्ये पुरे झाले. म्हणजे संकल्पानंतर पहिले निश्चित पर्व हाती येण्यास चौदा वर्षे लागली, आणि मधला एक संपूर्ण ग्रंथ केवळ प्रयोग म्हणून छापला गेला. हिशेबनिसाच्या दृष्टीने हा अपव्यय. पाठचिकित्सेच्या दृष्टीने मात्र त्या प्रयोगावाचून पुढचे कार्य अशक्य होते. ह्या आवृत्तीचे द्रव्यबळ फार मोठे होते असे नाही. ते एका हाती नव्हते आणि चुकीला क्षमा करणारे होते, हे तिचे खरे भाग्य. एका दात्याचा हात आखडला तर दुसरा शोधता येत होता, आणि सुकथनकरांच्या निधनानंतर, १९४३ नंतरही, श्री. कृ. बेलवलकर व प. ल. वैद्य ह्यांच्या हाती काम अखंड राहिले.

ह्या चार उदाहरणांवरून द्रव्याचे मोजमाप करण्यासाठी केवळ रक्कम पुरत नाही, हे स्पष्ट व्हावे. ते द्रव्य किती काळ टिकणार, किती चुका सोसणार, कोणत्या भाषेत उत्तर मागणार आणि मागे कोणती माणसे ठेवणार, ही त्याची खरी परिमाणे होत. ह्या परिमाणांनी आजची स्थिती तपासली असता चिंता वाटावी असे चित्र दिसते. १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग स्थापन झाला आणि १९५६ च्या कायद्याने त्याला वैधानिक स्थान मिळाले; १९६९ मध्ये सामाजिक शास्त्रांसाठी आणि १९७२ मध्ये इतिहासासाठी स्वतंत्र परिषदा आल्या. संस्थानिकांच्या मर्जीची जागा नियमांनी घेतली, ही निःसंशय प्रगती होय. परंतु त्याच ओघात ‘प्रकल्प’ नावाचे दोन-तीन वर्षांच्या मुदतीचे एक माप रूढ झाले, आणि संशोधनाचे विषय त्या मापात बसतील असे कापले जाऊ लागले. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या कक्षेत मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे आली आहेत, तीही त्यांच्या वैज्ञानिक व तांत्रिक सीमारेषांपुरतीच. मोडी दप्तरांची सूची किंवा महानुभाव पोथ्यांची पाठचिकित्सा ह्या सीमारेषेच्या कोणत्या बाजूला पडते, हे अर्जदाराने सिद्ध करीत बसावयाचे आहे.

डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाचे काम १९४८ मध्ये सुरू झाले आणि त्याचा पहिला भाग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीची २८ वर्षे शब्दांची टिपणे काढण्यात आणि ती लावण्यात गेली. तीन वर्षांच्या मापाने पाहिले तर हा प्रकल्प सलग नऊ वेळा अनुत्तीर्ण ठरला असता. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यामुळे अशा दीर्घ कार्यांची अपेक्षा वाढली आहे. मराठीचा ऐतिहासिक तत्त्वांवर रचलेला महाकोश, प्रमुख ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या, बोलींची सर्वंकष पाहणी ही कामे लहान मुदतीच्या तुकड्यांनी होणारी नव्हेत. तुकड्यांनी ती केली तर प्रत्येक नवा संशोधक पहिल्याच पायरीवर उभा राहील आणि शेवटच्या पायरीवर कोणीच पोचणार नाही.

तेव्हा अनुदान मागणाऱ्या विभागांनी ह्या इतिहासापासून काही व्यावहारिक बोध घ्यावयास हवा. अर्जात प्रयोगाचा टप्पा उघडपणे मागावा: विराटपर्वासारखी एक तात्पुरती आवृत्ती, एक नमुना-सूची, एका तालुक्याची पाहणी. हा टप्पा दोन वर्षांत पुरा होऊ शकतो, आणि त्याच्या बळावर पुढील दीर्घ साह्याची मागणी प्रामाणिकपणे करता येते. अध्यापनाचा खर्च संशोधनाच्या खर्चापासून तोडू नये. मोडी वाचणारे चार विद्यार्थी तयार करणे हा दप्तराच्या कामाचाच भाग आहे, आणि अनुदान संपल्यावर तेच काम चालू ठेवतात. एकाच दात्यावर सर्व भार टाकू नये. आणि कोणते काम द्रव्याअभावी किंवा मुदतीमुळे सोडून द्यावे लागले, ते प्रस्तावनेत स्पष्ट लिहावे. असे लिहिण्याने ग्रंथाला उणेपणा येतो ही भीती निराधार आहे. पुढच्या अभ्यासकाला कोठून आरंभ करावा हे त्यातूनच कळते.

परीक्षकाचेही कर्तव्य ह्यात आहे. एखाद्या ग्रंथात साधनांची निवड अरुंद वाटली, सूची अपुरी वाटली किंवा घाई जाणवली, तर दोष संपादकाच्या विद्वत्तेचा की त्याला मिळालेल्या मुदतीचा, हे त्याने वेगळे करून सांगावे. केवळ ग्रंथकारास दोष दिल्याने पुढचा ग्रंथ सुधारत नाही. राजवाड्यांचा क्रम, सरदेशांची निवड, केतकरांचे प्रस्तावनाखंड आणि सुकथनकरांचा फेरआरंभ ह्यांचे मर्म त्यांच्यामागील द्रव्याची रीत कळल्यावाचून पुरते उमगत नाही. आज लिहिल्या जाणाऱ्या ग्रंथांनाही हाच न्याय लागू आहे.