रोख, धान्य आणि हमी : गरीब ग्रामीण कुटुंबांना मिळणाऱ्या मदतीच्या दीर्घकालीन परिणामांची चिकित्सा
(विशेष संदर्भ : राणीसावरगाव परिसर, ता. गंगाखेड, जि. परभणी)

सारांश

गरीब ग्रामीण कुटुंबांना मदत रोख द्यावी की धान्यरूपाने द्यावी, या प्रश्नाभोवती धोरणविषयक चर्चा दीर्घकाळ फिरत राहिली आहे. प्रस्तुत लेखात १९७२ च्या दुष्काळातील कामे, रोजगार हमी योजना, एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम आणि २०२३ मध्ये परभणीसह १४ जिल्ह्यांत धान्याऐवजी सुरू झालेली रोख मदत यांचा चिकित्सक विचार केला आहे. मदतीचा टिकाऊ परिणाम तिच्या स्वरूपापेक्षा तिच्या वेळेवर व खात्रीवर अधिक अवलंबून असतो, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : रोख मदत, अन्नसाहाय्य, रोजगार हमी, उचल, कोरडवाहू कुटुंब, मराठवाडा.

प्रस्तावना

राणीसावरगाव हे गंगाखेड तालुक्याच्या डोंगराळ भागातील गाव व महसूल मंडळाचे ठिकाण आहे. गंगाखेडहून दक्षिणेकडे जाताना गोदाकाठची काळी जमीन मागे पडते आणि बालाघाटाच्या रांगांमधील हलक्या, मुरमाड जमिनीचा प्रदेश सुरू होतो. येथील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. सोयाबीन व कापसाचे चार पैसे हाती येतात ते दिवाळीच्या आगेमागे. खर्च मात्र मृगापासून सुरू होतो. बियाणे, खते, शाळेची पुस्तके, पावसाळ्यातील आजारपणे आणि सण हे सारे ज्या महिन्यांत येते, त्याच महिन्यांत घरातील ज्वारी संपत आलेली असते. भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांची परीक्षा आषाढ ते भाद्रपद या काळात होते. अशा कुटुंबांना मिळालेल्या शासकीय मदतीचा मागे काय ठसा उरतो, याचा विचार या ऋतुचक्राला धरूनच करावा लागतो.

मदतीचे मूल्यमापन सामान्यतः दोन आकड्यांवर होते : लाभार्थ्यांची संख्या आणि झालेला खर्च. हे दोन्ही आकडे मदत दिली गेली एवढेच सांगतात. ती थांबल्यानंतर पाच किंवा दहा वर्षांनी कुटुंब कोठे उभे आहे, हे त्यांतून कळत नाही.

टिकाऊ परिणामाचा अर्थ

दीर्घकालीन परिणाम दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार भर पडण्याचा : नवी शेळी, विहीर, पक्की भिंत, वाढलेले उत्पन्न. दुसरा प्रकार घट न होण्याचा : जी म्हैस विकावी लागली नाही, जे शेत गहाण पडले नाही, जे मूल शाळेतून काढावे लागले नाही. पहिला प्रकार डोळ्यांना दिसतो आणि अहवालात येतो. दुसरा प्रकार दिसत नाही, कारण न घडलेल्या घटनेची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. कोरडवाहू प्रदेशातील गरिबी मात्र बहुधा या दुसऱ्या बाजूनेच वाढत जाते. अडचणीच्या एका महिन्यात बैलजोडी पडत्या भावाने विकली गेली, तर ती पुन्हा उभी करण्यास कित्येक वर्षे लागतात. म्हणूनच मदत केव्हा पोचली, हा प्रश्न ती किती होती या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

१९७२ चा दुष्काळ : मजुरी, मिलो आणि सुकडी

महाराष्ट्रात रोख व अन्न या दोन्ही प्रकारांच्या मदतीचा सर्वांत मोठा अनुभव १९७० ते १९७३ या दुष्काळी वर्षांचा आहे. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या जवळ पोचली होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती ही कामे मराठवाड्याच्या स्मरणात आजही आहेत. कामावर मजुरी रोख मिळे, सुकडी वाटली जाई आणि रेशनवर आयात केलेला लाल मिलो मिळे. ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा जो अभ्यास केला, त्यात रोख मजुरीमुळे लोकांच्या हाती क्रयशक्ती आली व त्यामुळे तुटीच्या प्रदेशाकडे धान्य ओढले गेले, या गोष्टीवर भर आहे. धान्योत्पादनात एवढी घट होऊनही मोठी मनुष्यहानी टळली, हे या कामांचे ऐतिहासिक यश मानले पाहिजे.

तथापि याच अनुभवाची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. माणसे वाचली, जनावरे मोठ्या प्रमाणावर गेली. मदतीने जीव राखला, परंतु कुटुंबाची उत्पादक मत्ता तितक्या प्रमाणात राखली गेली नाही. शेतकऱ्याला पुढील हंगामात उभे राहण्यासाठी बैल लागतो, आणि तो मजुरीच्या हिशेबात कोठेच नव्हता. दुष्काळ ओसरल्यावर कामे बंद झाली, पण गमावलेली जनावरे भरून काढण्याचा भार कुटुंबांवरच राहिला.

हमीचे सामर्थ्य आणि तिचा क्षय

वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे झालेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना पुढे आली आणि १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. महाविद्यालयीन अध्यापकाच्या वेतनातून कापल्या जाणाऱ्या या कराचे मूळ दुष्काळी मजुराच्या हक्कात आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

या योजनेचे वैशिष्ट्य मजुरीच्या दरात नव्हते. मागेल त्याला काम मिळेल, या खात्रीत होते. हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेने १९७५ पासून केलेल्या ग्रामअभ्यासांत याचा पुरावा मिळतो. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व अकोला जिल्ह्यातील कानझरा येथील भूमिहीन कुटुंबांच्या उत्पन्नातील चढउतार, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील ऑरेपल्ली येथील कुटुंबांच्या तुलनेत बरेच कमी आढळले. महाराष्ट्रातील गावांना रोजगार हमीचा आधार होता, ऑरेपल्लीला नव्हता. उत्पन्नाची सरासरी थोडीच वाढली तरी त्यातील खड्डे भरून निघाले, म्हणजे मोडीत काढण्याची वेळ कमी येते. कुमुदिनी दांडेकर यांनी या योजनेतील स्त्रियांच्या मोठ्या सहभागाकडे लक्ष वेधले. घराजवळ, स्वतःच्या नावावर मिळणारी मजुरी हा त्या स्त्रियांसाठी नवा आधार होता.

पुढे या खात्रीलाच तडा गेला. १९८८ मध्ये किमान वेतनाच्या वाढीबरोबर योजनेवरील मजुरीचा दर सुमारे दुप्पट झाला. पण त्या प्रमाणात कामे उघडली गेली नाहीत. रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधरी यांनी १९९३ मध्ये दाखविल्याप्रमाणे दरवाढीनंतर काम मागणाऱ्या सर्वांना ते मिळेनासे झाले. कागदावरील दर वाढला आणि हमी आटली. ज्या कुटुंबाला काम मिळेलच असा विश्वास उरला नाही, ते आषाढात दुसरा मार्ग शोधू लागते. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली, तरी मजुरी उशिरा खात्यावर येण्याच्या तक्रारींमुळे हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

मत्ता दिली, पण पोट कोणी भरायचे?

१९७८ मध्ये सुरू झालेल्या व १९८० मध्ये देशभर विस्तारलेल्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाने वेगळा मार्ग धरला. कर्ज आणि अनुदान यांच्या साहाय्याने गरीब कुटुंबाला म्हैस, शेळ्या किंवा अन्य साधन द्यायचे व त्याने स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशी अपेक्षा होती. नीलकंठ रथ यांनी १९८५ मध्ये या कार्यक्रमावर परखड टीका केली. अशा मार्गाने दारिद्र्यरेषा ओलांडून तेथे टिकणारी कुटुंबे फार थोडी असतील, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि मजुरीच्या कामांना त्यांनी अग्रक्रम दिला. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर यांच्यासह केलेल्या मांडणीशी त्यांची ही भूमिका सुसंगत होती.

रथ यांची टीका अचूक असली तरी तिच्यातून 'मत्ता देणेच व्यर्थ' असा अर्थ काढणे योग्य ठरणार नाही. बांगलादेशातील ब्रॅक संस्थेने २००२ पासून अतिगरीब कुटुंबांसाठी जी पद्धत राबविली, तिच्यात जनावराबरोबर काही महिन्यांचा निर्वाहभत्ता, प्रशिक्षण, बचत आणि नियमित भेटी यांचा समावेश होता. या पद्धतीची सहा देशांत झालेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. पश्चिम बंगालमधील कुटुंबांचा दहा वर्षांनंतर घेतलेला आढावा बॅनर्जी, डुफ्लो व शर्मा यांनी २०२१ मध्ये मांडला. त्यात मदत मिळालेल्या कुटुंबांचा उपभोग व उत्पन्न एवढ्या कालावधीनंतरही अधिक आढळले. दोन्ही कार्यक्रमांत जनावर होते. दुसऱ्यात ते दूध देऊ लागेपर्यंत घरातील चूल पेटती ठेवण्याची सोय होती. भुकेल्या घरात आलेली शेळी बाजाराची वाट धरते. धान्याची किंवा निर्वाहाची जोड मिळाली तरच ती भांडवल ठरते. अन्नसाहाय्याला केवळ 'खाऊन संपणारी मदत' म्हणणे म्हणूनच अपुरे आहे.

धान्याकडून रोखीकडे : परभणीचा अनुभव

२०१५ मध्ये राज्य शासनाने मराठवाड्यातील आठ, अमरावती विभागातील पाच आणि वर्धा अशा १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना दरमहा माणशी ५ किलो धान्य, गहू २ रुपये व तांदूळ ३ रुपये किलो दराने, देण्यास प्रारंभ केला. परभणी त्यांपैकी एक जिल्हा होता. २०२३ मध्ये हे धान्य थांबवून त्याऐवजी दरमहा माणशी १५० रुपये बँक खात्यात जमा करण्याचा निर्णय झाला. २०२४ मध्ये ही रक्कम १७० रुपये करण्यात आली. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्गाच्या बाबतीत धान्याची जागा रोखीने घेतल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

रोखीच्या बाजूने म्हणण्यासारखे बरेच आहे. ज्याला भाकरी हवी त्याला गहू-तांदूळच घ्यावा लागत नाही. दुकानदाराच्या वेळा, वजनातील घट आणि यंत्रावर न उमटणारा अंगठा यांतून सुटका होते. परंतु १५० रुपये म्हणजे ५ किलोसाठी किलोमागे ३० रुपये आणि १७० रुपये म्हणजे ३४ रुपये. धान्याचा भाव वाढला तरी किलो तेवढेच राहतात. रक्कम मात्र शासननिर्णयाखेरीज हलत नाही. भाववाढीचा धोका शासनाच्या अंगावरून उतरून कुटुंबाच्या अंगावर येतो. इथिओपियात २००५ मध्ये सुरू झालेल्या सुरक्षा-जाळे कार्यक्रमाबाबत सबाटेस-व्हीलर व डेव्हरू यांनी २०१० मध्ये हेच निदर्शनास आणले. तेथे भाव चढल्यावर केवळ रोख मिळविणाऱ्या कुटुंबांपेक्षा धान्य किंवा धान्य व रोख दोन्ही मिळविणाऱ्या कुटुंबांची उत्पन्न व पशुधन यांबाबतची स्थिती अधिक चांगली राहिली. शिवाय सातबारा नसलेला मजूर परभणीतील या विशिष्ट योजनेच्या कक्षेतच येत नाही. पीएम-किसानचे वार्षिक ६,००० रुपयेही जमीनधारणेशी जोडलेले आहेत. सर्वांत कमी आधार असलेले कुटुंब अशा रीतीने बाहेर राहते.

खरी स्पर्धा : उचल

रोख की धान्य या वादात एक तिसरा पक्ष दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे ऊसतोडीची उचल. गंगाखेड तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, मुकादमाकडून हंगामापूर्वी मिळणारी रक्कम एकदम मिळते, ऐन गरजेच्या महिन्यांत मिळते आणि तिच्यासाठी दाखला लागत नाही. कुटुंबाच्या दृष्टीने विश्वासार्ह 'रोख मदत' हीच आहे. तिची किंमत मात्र पाच-सहा महिन्यांचे श्रम, फिटली नाही तर पुढील हंगामावर चढणारी बाकी आणि मुलांची सुटणारी शाळा अशी असते. तिचा परिणाम चिरस्थायी आहे, पण उलट्या दिशेने.

शासकीय मदतीची कसोटी येथे लागते. २०२४ पासूनच्या 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा १,५०० रुपये वर्षाला १८,००० होतात. ही रक्कम लहान नाही. तथापि हप्ता कोणत्या महिन्यात पडेल हे निश्चित नसेल, तर त्याच्या भरवशावर कोणतेही घर उचल नाकारणार नाही. हंगामी वसतिगृहांची गोष्टही तशीच आहे. आईवडील फडावर असताना मुलांना गावातच जेवण देणारी ही सोय म्हणजे अन्नसाहाय्याचा सर्वांत दूरगामी परिणाम करणारा प्रकार ठरू शकतो. पण वसतिगृह टोळी निघाल्यानंतर पंधरा दिवसांनी उघडले, तर मूल गाडीत बसून गेलेले असते आणि ते शैक्षणिक वर्ष हातचे निसटते.

मदतीने माणसे आळशी होतात, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. दरवर्षी सहा महिने कोपीत राहून पहाटेपासून ऊस तोडणाऱ्या माणसांच्या बाबतीत तो टिकत नाही. शेतीला मजूर मिळत नाहीत, ही मोठ्या शेतकऱ्याची अडचण खरी आहे. परंतु ज्या महिन्यांत गावात काम नसते त्या महिन्यांतील हमीने ती निर्माण होत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, रोख आणि धान्य यांपैकी एकाची निवड हा दुय्यम प्रश्न आहे. १९७२ मध्ये रोख मजुरीने जीव वाचविले. शिरापूर-कानझऱ्यात हमीने उत्पन्न सावरले. बंगालमध्ये जनावराला निर्वाहाची जोड मिळाल्याने ते टिकले. तिन्ही ठिकाणी मदत गरजेच्या वेळी पोचली. जेथे दर वाढला पण काम मिळेनासे झाले, किंवा म्हैस आली पण चारा व धान्य आले नाही, तेथे खर्च होऊनही मागे फारसे काही उरले नाही.

यावरून काही व्यवहार्य गोष्टी सुचतात. रोख मदतीची रक्कम धान्याच्या बाजारभावाशी जोडली जावी. तिचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या काळात, आधी जाहीर केलेल्या तारखांना द्यावा. भूमिहीनांना जमीनधारणेच्या अटीमुळे वगळले जाऊ नये. हंगामी वसतिगृहे दसऱ्यापूर्वी उघडावीत. आणि मूल्यमापनात लाभार्थ्यांच्या संख्येबरोबर त्या वर्षी किती कुटुंबांनी जनावर विकले, किती कोयते गावाबाहेर गेले आणि किती मुले शाळेत राहिली, याची नोंद व्हावी. ग्रामीण महाविद्यालयांचे अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभाग आपल्या परिसरातील गावांत हे काम वर्षानुवर्षे करू शकतात. राणीसावरगावसारख्या मंडळातून भाद्रपदात उचल न घेता राहिलेल्या घरांची संख्या हळूहळू वाढताना दिसली, तर मदत मुरली असे समजण्यास आधार मिळेल.