‘स्टॅनली का डब्बा’: स्वस्त कॅमेऱ्याने काय टिपले, काय सुटले

अमोल गुप्ते यांच्या ‘स्टॅनली का डब्बा’ (२०११) या हिंदी चित्रपटात स्टॅनली हा मुलगा टाकाऊ वस्तूंमधून दीपगृहाची प्रतिकृती करून आणतो. विज्ञानाच्या बाईंना ती पसंत पडत नाही. आपल्यापैकी अनेकांना हा प्रसंग थोडा बोचला असेल. पण आज मला लिहायचे आहे ते या चित्रपटाच्या चित्रांविषयी. छायालेखक अमोल गोळे यांनी तो कॅनन ७डी या कॅमेऱ्याने टिपला. हा मुळात स्थिरचित्रे काढण्याचा कॅमेरा. “साध्या कॅमेऱ्याने काढलाय, पण कळतही नाही,” असे कौतुक तेव्हा ऐकू येई. मला ते अर्धेच पटते. नीट पाहिले तर कळते, आणि काय कळते ते पाहण्यासारखे आहे.

चित्रीकरण झाले अंधेरी पूर्वेच्या होली फॅमिली शाळेत. शनिवारी आणि सुटीच्या दिवशी काही तास, असे दीर्घ काळ. मुलांना वाटे, आपली नाट्यकार्यशाळा चालू आहे. रूळ ओलांडून अंधेरी पश्चिमेला गेले की चित्रपटाचे उंची कॅमेरे भाड्याने देणारी दुकाने गल्लोगल्ली आढळतात. ते कॅमेरे इथे का आणले नसावेत, हे सांगायला नको. भाडे दिवसावर मोजले जाते. शिवाय तो अवजड कॅमेरा, त्यामागची चार माणसे आणि दिवे वर्गात शिरले की मुले मुले राहत नाहीत. वर्गात तपासनीस आल्यावर काय होते, ते आपण जाणतोच!

फिल्मही परवडली नसती. ३५ मि.मी. फिल्मचे हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटांत संपते. गंमत अशी, की ७डीवरही एका दमात सुमारे बारा मिनिटेच चित्रण होई. फरक एवढाच, की रीळ एकदाच वापरता येते, तर कार्ड पुसून पुन्हा भरता येते. मूल सहजपणे डबा उघडेपर्यंत वाट पाहण्याची ऐपत दिग्दर्शकाला मिळाली ती अशी.

आता कॅमेऱ्याकडे वळू. २००९ साली आलेल्या ७डीची अमेरिकेतील किंमत १,६९९ डॉलर होती. त्याआधी त्या किमतीत मिळणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांचा प्रकाशसंवेदी पडदा फार तर १५-२० चौरस मि.मी. भरे. ७डीचा पडदा २२.३ × १४.९ मि.मी., म्हणजे सिनेमाच्या ३५ मि.मी. फिल्मवरील चौकटीच्या जवळपास. पडदा मोठा, तर तेवढाच देखावा टिपायला भिंगाचे नाभीय अंतर मोठे लागते आणि मागचा भाग धूसर करता येतो. चेहरा स्पष्ट, मागचा फळा विरघळलेला, या दृश्याला आपण नकळत ‘सिनेमा’ म्हणतो. फसगत इथेच होते. धूसर पार्श्वभूमी हा पडद्याच्या आकाराचा गुण आहे, तपशिलाचा नव्हे.

तपशिलाचे काय? ७डीच्या पडद्यावर एक कोटी ऐंशी लाख चित्रबिंदू आहेत. हाय डेफिनिशन चित्राला लागतात १९२० × १०८०, म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. मग उरलेल्यांचे काय होते? ते सगळे सेकंदाला पंचवीस वेळा वाचून त्यांची सरासरी काढणे त्या कॅमेऱ्याला झेपत नसे. म्हणून तो मधल्या ओळी चक्क गाळून पुढे जाई. वर्गात प्रत्येक तिसऱ्या मुलाची उंची मोजून उरलेल्या मुलांविषयी अंदाज करावा, तसे हे झाले. मुले ओळीने उंचीप्रमाणे उभी असतील तर अंदाज चुकणार नाही. पण एक उंच, एक बुटकी अशी आलटून पालटून उभी असतील तर भलताच आकार निघेल. बारीक चौकटीच्या शर्टावर किंवा खिडकीच्या जाळीवर नसलेल्या लहरी उमटतात, त्या यामुळेच. चित्राच्या फाइलवर १०८० ओळी असतात खऱ्या. खरा तपशील त्याहून बराच कमी असतो.

दुसरी काटछाट साठवणीत होते. तीन रंग, प्रत्येकाला आठ बिट आणि सेकंदाला पंचवीस चित्रे असा गुणाकार मुलांकडून करवून घ्या. उत्तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट येते. ७डी कार्डावर उतरवतो साधारण साडेचार कोटी. २०१० साली आलेला ॲरी अलेक्सा हा व्यावसायिक कॅमेरा याच्या कितीतरी पट महाग. तो याच आकाराचे चित्र अठरा कोटींहून अधिक बिटांत साठवू शके. शिवाय अलेक्साला उजेड-अंधाराचे सुमारे १४ टप्पे पेलतात, ७डीला दहा-अकरा. प्रत्येक टप्पा आधीच्या दुप्पट, त्यामुळे तीन टप्पे म्हणजे आठपट फरक. दुपारच्या वर्गात चेहरा नीट दिसेल असा उजेड धरला, की खिडकीबाहेरचे आभाळ कोरे पांढरे होते. ते नंतर कोणत्याही संगणकाने परत येत नाही. कारण ते मुळात टिपलेलेच नसते.

या चित्रपटात ही कमतरता फारशी खुपत नाही, याचे श्रेय मात्र कॅमेऱ्याला देऊ नये. चित्रपट बहुतेक वेळ चेहऱ्यांच्या आणि डब्यांच्या जवळ राहतो. दूरवरची झाडी किंवा इमारतींच्या खिडक्यांच्या ओळी, जिथे ओळी गाळणारा कॅमेरा उघडा पडतो, त्यांची या कथेला गरजच नाही. हे गोळे यांचे शहाणपण. तरी शेवटाकडे, शाळेनंतर हॉटेलात राबणारा स्टॅनली रात्री दिसतो, तिथे मला उंची कॅमेरा हवा होता असे वाटले. तिथला काळोख आणखी खोल, पण आतले दिसेल असा हवा होता.

मागे उपनगरातल्या एका शाळेने विज्ञान प्रदर्शनाचे चित्रण करण्यासाठी कॅमेरा घेतला. खोक्यावर ‘फुल एच.डी.’ असे ठळक छापलेले होते. नंतर तक्त्यांवरची बारीक अक्षरे वाचता येईनात, तेव्हा दोष चित्रण करणाऱ्या मुलाला मिळाला. आज मोबाइलवर ‘४के’ लिहिलेले असते, पण प्रश्न तेच आहेत: पडदा केवढा, सगळे बिंदू वाचले जातात का, आणि किती बिट उरतात. घेण्याआधी वर्तमानपत्राचे पान भिंतीला लावून, ते चौकटीत पूर्ण बसेल इतक्या अंतरावरून चित्रण करा. शेजारी उघडी खिडकी आणि बारीक चौकटीचा शर्ट घातलेला एक विद्यार्थी असू द्या. वर पंखा चालू असेल तर तोही टिपा; पाती वाकडी दिसली तर का, ते वर्गालाच विचारा.